हिमरू, तुझ्या अर्ध्या गोष्टीचं काय केलं ते सांगते

हिमरू,

त्या सकाळी तुझ्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी करमाडहून शेंद्र्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. आदल्याच दिवशी तू गटात नवं प्रकरण टाकलं होतंस आणि खाली लोकांचं कौतुक थांबत नव्हतं. मला वाटलं, तू भांडायला फोन केलास. मधला परिच्छेद लांबलाय असं मी म्हटलं होतं, तू तो कापलाही होतास, पण कापलेलं तुझ्या मनातून इतक्यात जाणार नाही हे मला ठाऊक होतं. मी फोन उचलून म्हटलं, "बोल, काय शिव्या घालायच्या त्या घाल." पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "खारुताई म्हणजे तुम्हीच का? हिच्या फोनवर सगळ्यात वर तुमचंच नाव दिसलं म्हणून लावला. ही पहाटे गेली."

बसमध्ये मी मोठ्यानं रडले. पुढच्या सीटवरच्या बाया वळून बघायला लागल्या, कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. आणि त्या रडण्यातसुद्धा मला एक मूर्ख विचार आला, की तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं काय होतं, तर 'मधला परिच्छेद लांबलाय'. मग वाटलं, तुला हेच आवडलं असतं. गोड बोलून निरोप घेणारी माणसं तुला कधी पटली नाहीत.

कंपनीत शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "कोण गेलं गं? मावशी का?" आता तिला काय सांगू? मी सांगितलं, एक मालिका होती. किल्ल्याच्या पाण्याची राखण करणाऱ्याची पोर गौरा, वेशीवरचा पहारेकरी याकूब, आणि पाणी तोडायला टपलेले शत्रू. वाहिनीनं ती मालिका एके दिवशी बंद केली, गौरा भुयारात एका बंद दारापुढं उभी असतानाच. लोक थोडे हळहळले आणि त्याच वेळेला लागणारी दुसरी मालिका बघायला लागले. एका बाईला मात्र ते सहन झालं नाही. तिनं मोबाईलवर पुढची गोष्ट लिहिली, कथांच्या एका अ‍ॅपवर टाकली, 'उरलेली गोष्ट' नावाचा गट काढला, आणि माझ्यासारखी पुष्कळ माणसं तिथं जमली. जो तो आपापल्या परीनं गौराची गोष्ट पुढं लिहितो. याला फॅनफिक्शन म्हणतात.

"म्हंजी दुसऱ्याच्या गोष्टीत लुडबुड," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं, "आणि ती लुडबुड ती बाई लई शिस्तीत करून घ्यायची."

शिस्त कसली, जाच होता. गटात येताना टोपणनाव घ्यायचं आणि वय, शिक्षण, नोकरी, आडनाव सगळं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं. ताई नाही, काका नाही, सर तर मुळीच नाही, सगळ्यांना अरे-तुरे. मी तुझी खोडी काढायला मुद्दाम 'खारुताई' नाव घेतलं. माझ्याहून दुप्पट वयाची तू, मला जन्मभर ताई म्हणत राहिलीस आणि एकदाही कुरकुर केली नाहीस. मला मात्र तुला पहिल्यांदा 'तू' म्हणताना घाम फुटला होता. पिशोरला आमच्या घरी थोरल्या जावेलासुद्धा अहो-जाहो करतात.

आणि मग ती 'पहिली नजर'. कुणाचीही गोष्ट गटात येण्याआधी दुसऱ्या कुणीतरी वाचायची, आळीपाळीनं, आणि वाचणाऱ्यानं तिच्यात निदान एक खोट काढलीच पाहिजे. नुसतं 'छान आहे' म्हटलं की तू दोघांनाही परत पाठवायचीस. नव्या माणसाला आधी नजर द्यावी लागे, लिहायला नंतर मिळे. मी आले तेव्हा माझ्या वाट्याला पहिलं आलं ते तुझंच प्रकरण. गटाच्या मालकिणीच्या लिखाणात खोट काय काढणार? कंपनीत मी दिवसभर सुटे भाग तपासून नापास करते, तिथं मी कधी कचरत नाही. इथं मात्र भीतभीत लिहिलं, "याकूब फार बोलतो." तुझं उत्तर आलं, "खरंय. मेल्याला गप्प करते." त्या दिवसापासून तुझी प्रत्येक पहिली नजर तू माझ्याकडेच दिलीस. आळीपाळीचा नियम तूच केलास आणि तूच मोडलास, हे मी तुला तेव्हाही ऐकवलं होतं.

मालकीण म्हटलेलं तुला आवडायचं नाही. "मी नुसती दाराशी बसलेली बाई," म्हणायचीस. पण त्या बाईचा दरारा काय होता! कुणी गौराच्या तोंडी शिवी घातली की गोष्ट परत. कुणी नव्या पोरीच्या लिखाणाला हसलं की त्याचीच हकालपट्टी. कुणी तुला विचारलं नाही की हे सगळं तू कुठल्या अधिकारानं करतेस. विचारलं ते फक्त मी, आणि ते भांडण आपलं संपलंच नाही.

गटातल्या गुलबक्षीवरून झालं ते. तिची गोष्ट काय सुरेख चालली होती, आणि बाळंतपणानंतर ती लिहायचीच थांबली. लोक वाट बघून कंटाळले. मग अष्टपैलूनं तिच्या गोष्टीचा शेवट लिहिला, चांगला लिहिला, आणि गटात टाकला. तू तो तासाभरात काढून टाकलास. 'अर्धी गोष्ट ज्याची त्याची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही', असा नवा नियम वर चिकटवलास. बरीच माणसं रागावून गेली, अष्टपैलूही गेला. मी चिडून तुला म्हटलं, आता समोरासमोर भेट. आपण गुलमंडीवर मिठाईच्या दुकानात भेटलो. पहिल्यांदाच. तू हिरव्या काठाची साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन उभी होतीस, आणि इमरती खाताना बोटं चाटत होतीस. मला तुझी भीतीच वाटेना.

मी म्हटलं, "अगं, आपण सगळे करतो काय? कुणाची तरी अर्धी गोष्ट, त्याला न विचारता, पुढं लिहितो. मग अष्टपैलूनं केलं तर पाप?"

तू म्हणालीस, "मालिका त्यांनी टाकून दिली. टाकलेलं उचललं तर कुणाचं काय जातं? गुलबक्षीनं टाकलं नाय. ठेवलंय."

"आणि तिला पुन्हा जमलंच नाही तर?"

"तर ठेवलेलंच राहील."

"आणि वाचणाऱ्यांनी काय करायचं?"

"वाट बघायची. मी नाय बघत?"

मला फार राग आला. मी म्हटलं, "हे तू एकटीनं ठरवणार? कुणी नेमलं तुला?" शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. तू इमरतीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकलास. मग पदराला हात पुसत म्हणालीस, "कुणीच नाय. मीच बसले. ज्याला पटत नसंल त्यानं उठवावं, मी उठते." मी तुला उठवलं नाही. मला मतदान हवं होतं, सगळ्यांनी मिळून ठरवावं असं वाटत होतं, पण तुझ्या जागी बसायची माझी तयारी नव्हती. पुढं काही महिन्यांनी तूच गटाची दुसरी किल्ली, म्हणजे कुणाला आत घ्यायचं नि काय काढायचं याचा अधिकार, माझ्या नावावर करून दिलीस. "मी गावाला गेले तर असावी," म्हणालीस. तू कुठल्याच गावाला जात नव्हतीस.

तुझ्या सिडकोतल्या घरी आम्ही दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आलो. आम्ही म्हणजे गटातली शहरातली नि आसपासची माणसं. एकमेकांचे चेहरे कुणी पाहिले नव्हते. तुझ्या नातेवाइकांत अनोळखी अशी आम्ही बसलो होतो आणि हळूच विचारत होतो, "तू गुलबक्षी का? तू काळवीट का?" काळवीट तर वेरूळचा निघाला, पर्यटकांना लेणी दाखवणारा, चांगला आडदांड. तुझ्या नणंदेनं मला विचारलं, "तुम्ही शैलजाच्या कोण?" शैलजा! मला तुझं नाव तेव्हा कळलं. मी म्हटलं, "आम्ही त्यांच्याबरोबर लिहायचो." ती म्हणाली, "शैलजा लिहायची? काय लिहायची?" हिमरू, तू घरी कुणालाच सांगितलं नव्हतंस? इतक्या लोकांवर हुकूमत गाजवणारी बाई घरी पोळ्या लाटत गप्प बसत होती, हे मला अजून पचत नाही. तुला विचारायचं होतं, का गं? आता ते राहिलंच.

निघताना तुझे यजमान गेटपर्यंत आले. "ते हिचं लिहिलेलं कुठं वाचायला मिळंल?" एवढंच म्हणाले. मी तिथंच त्यांच्या फोनवर अ‍ॅप घालून दिलं. टोपणनाव घ्या म्हटलं तर म्हणाले, "मला कुठलं आलंय टोपणनाव? मी नुसता वाचणार." मग मी 'वाचक' असंच टाकलं.

त्यांनी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. प्रत्येक प्रकरणाखाली रोज त्यांचं नाव दिसायचं, शब्द एकही नाही, नुसती वाचल्याची खूण. सगळा गट त्या खुणेच्या मागे मागे चालत होता. ते शेवटच्या प्रकरणाला पोचले, जिथं तुझी गौरा कितीतरी भुयारं पालथी घालून पुन्हा त्याच बंद दारापुढं येते, आणि तिथं तू थांबलीस. त्याखाली त्यांनी पहिल्यांदा लिहिलं, "पुढं काय होतं? कुणाला तिनं सांगितलं होतं का?"

तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. मलाही नाही.

त्या एका प्रश्नावर गटात रणधुमाळी माजली. कुणी म्हणे, सगळ्यांनी मिळून पूर्ण करू, हीच खरी श्रद्धांजली. कुणी म्हणे, तिचाच नियम आहे, हात लावायचा नाही. अष्टपैलू परत आला आणि म्हणाला, मी काही बोलत नाही, मला बोलायचा हक्क नाही. गुलबक्षीनं तर कमालच केली. तिनं आपली थांबलेली गोष्ट काढली, पुढचं प्रकरण लिहून टाकलं आणि वर लिहिलं, "ठेवलं होतं. घ्यायला आले." त्यावर मी किती रडले सांगू! तू बरोबर होतीस, हिमरू. तिच्याबाबतीत तू बरोबर होतीस आणि मी चूक. पण तुझं काय? तू टाकून गेली नाहीस आणि ठेवूनही गेली नाहीस. या तिसऱ्या गोष्टीला तुझ्याकडं नियम नव्हता, आणि आता सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, कारण किल्ली माझ्याकडं. चुकीचं काही ठरवलं असतं तर एक तर तुझा शब्द मोडला असता, नाहीतर गट फुटला असता. मी ज्या जागेला घाबरत होते तिथंच येऊन बसले होते.

शेवटी बरेच जण म्हणाले, यजमानांना विचार, वारस तेच. मला ते पटलं. खरं सांगू, निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालायला मिळतोय म्हणून हायसं वाटलं. रविवारी सकाळी तुझ्या घरी गेले. काकांनी स्वतः चहा केला, साखर वाट्टेल तेवढी. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "मी कोण परवानगी देणार? तिनं काय मला इचारून लिहिलं व्हय?"

"पण काका, आता तुम्हीच..."

"नाय बाई. घर माझ्या नावावर हाय, भांडीकुंडी हायत. हे नाय. ह्याच्यात मी कधी नव्हतो." मग बाहेर बघत म्हणाले, "आता वाचक म्हणून इचारशील तर सांगतो. मला पुढं वाचायचंय. लई वाचायचंय. पण हे नवरा म्हणून नाय सांगत, ध्यानात ठेव."

मला काकांचा तेव्हा इतका अभिमान वाटला की त्यांच्या पायाच पडावं. आजवर मी अधिकाराबद्दल तुझ्याशी केवढं भांडले, नेमणं काय, मतदान काय. हा माणूस हातात आलेला अधिकार शांतपणे खाली ठेवतो, आणि त्याच दमात वाचकाचा हक्क ठासून मागतो. हे तुला बघायला मिळायला हवं होतं. कदाचित तू घरी बोलली असतीस.

परत येताना बसमध्येच मी ठरवलं. मतदान घेतलं नाही. तुझी गोष्ट जशी आहे तशी, तुझ्या नावावर, कुलूप लावून ठेवली. तिच्यात कुणी एक शब्द घालणार नाही, मीसुद्धा नाही. आणि तिच्याखाली नवी जागा उघडली. तुझ्या शेवटच्या ओळीपासून ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहावं, स्वतःच्या नावानं, आणि वर स्पष्ट म्हणावं की हे हिमरूचं नाही, माझं आहे. पुरी करणारा एकही नाही, पुढं नेणारे मात्र हवे तितके. हे तुला मान्य झालं असतं का, मला ठाऊक नाही. बहुतेक तू नाक मुरडलं असतंस. पण तूच म्हणायचीस, ज्याला पटत नसेल त्यानं उठवावं. ये आणि उठव मला. मी वाट बघते आहे.

लोकांनी लिहिलं, हिमरू! काळवीटानं गौराला दार फोडायला लावलं, त्याच्या हातात जोर आहे ना. गुलबक्षीनं दारापलीकडून बाळाचा आवाज काढला. अष्टपैलूनं याकूबला किल्ली घेऊन पाठवलं आणि याकूब पुन्हा फार बोलायला लागला, मी तो परत पाठवला. गेल्या दिवाळीला आपल्या गटात लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरले होते. आता पहिल्या नजरेसाठी रांग लागते. नवी माणसं येतात, आधी तुझं वाचतात, मग दुसऱ्याला नजर देतात, मग बिचकत स्वतःचं लिहितात. मी नावापुढं 'गटाची चालक' असं लावलेलं नाही. दाराशी बसते, बास.

आणि गेल्या आठवड्यात माझ्याकडं पहिल्या नजरेला एक गोष्ट आली. लिहिणाऱ्याचं नाव, वाचक.

एकच पान होतं. त्यात गौरा दार उघडत नाही, फोडत नाही, कुणाला हाकही मारत नाही. ती दाराला टेकून खाली बसते, कमरेची गाठ सोडते आणि भाकरी खाते. खाली काकांनी मला लिहिलं होतं, "एवढी प्रकरणं झाली, पोर किल्लाभर फिरती हाय, कुणीच तिला जेवू घातलं नाय. हिनं पण नाय."

मी ते पान कितीदा वाचलं. मी आल्यापासून तुझ्या सगळ्या प्रकरणांची पहिली नजर माझी होती, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. तरी नियम तो नियम, एक खोट काढायलाच हवी होती, आणि काका आहेत म्हणून सोडलं असतं तर तूच मला सोडलं नसतंस. मी लिहिलं, "वाचक, भाकरी कुणी बांधून दिली ते यायला हवं."

दोन दिवस उत्तर आलं नाही. मला वाटलं, दुखावले. मग पान परत आलं. एकच ओळ वाढली होती. "भाकरी तिची तिनंच बांधली होती, कुठं चाललीस, असं घरात कुणी तिला विचारलं नव्हतं."

मी ते आज सकाळी पास केलं. गटात पडल्याबरोबर खाली प्रश्न यायला लागले, मग पुढं? दार उघडतं का? पलीकडं कोण आहे? कुणीतरी लिहिलं, वाचक, इथं थांबवून आमचा जीव घेऊ नकोस. मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते तेव्हा त्यांचं उत्तर दिसलं.

"लिहितोय. दम धर."